बालकाची वयःपरीक्षा : विकासाचे सिद्धांत आणि आपली चिकित्सा

चरकाचार्यांनी दशविध परीक्षेत वयाची गणना केलेली आहे. रुग्णपत्रिकेवर नावापुढे वय लिहिण्याचा परिपाठ आपण सर्वच वैद्य पाळतो. परंतु रुग्ण बालक असेल तेव्हा त्या आकड्याचा आपण उपयोग काय करतो, हे प्रामाणिकपणे पाहिले तर उत्तर फारसे समाधानकारक येत नाही. बहुधा मात्रा कमी करण्यापुरताच तो आकडा उपयोगी पडतो. त्या वयात मुलाला काय करता यावयास हवे, काय समजावयास हवे आणि कशाचे भय वाटावयाचे, हे प्रश्न आपण विचारीत नाही. ते न विचारल्यामुळे आमच्या हातून झालेल्या एका चुकीने प्रस्तुत लेखाचा आरंभ करीत आहोत.

काही वर्षांपूर्वी दोन वर्षे चार महिन्यांचा एक मुलगा आमच्या चिकित्सालयात आणला गेला. बालक सुदृढ होते, नजर चपळ होती, भूक उत्तम होती. तक्रार एकच : बोलत नाही. तीन-चार अस्पष्ट शब्दांपलीकडे वाणी गेलेली नव्हती. आजी बरोबर होत्या. त्या म्हणाल्या, "वैद्यबुवा, ह्याचा बाबासुद्धा चार वर्षांचा होईतो बोलला नव्हता. आता बघा, वकील झालाय." आम्हीही हसलो. वेखंड उगाळून जिभेला लावण्यास सांगितले, ब्राह्मीघृत दिले आणि धीर धरा असा सल्ला दिला. सहा महिने लोटले, नंतर आणखी चार. दोन शब्दांची भर पडली. आम्ही त्यालाच गुण मानले.

एके दिवशी ते बालक आमच्यासमोर बसलेले असताना मागच्या बाजूस कंपाउंडरच्या हातून लोखंडी बत्ता फरशीवर पडला. खोलीतील सर्वजण दचकले. बालक मात्र हातातल्या डबीचे झाकण फिरवीत तसेच बसले होते. दुसऱ्याच दिवशी त्यास श्रवणतपासणीस पाठविले. बेरा चाचणीत दोन्ही कानांत तीव्र बधिरता आढळली. पुढे श्रवणयंत्रे बसविली गेली, वाचोपचार सुरू झाले. आज तो मुलगा शाळेत जातो, बोलतो, भांडतोही. परंतु निदानाच्या दिवशी त्याच्या आईने उच्चारलेले वाक्य आम्ही विसरू शकलेलो नाही. ती म्हणाली, "तुम्ही थांबा म्हणालात, म्हणून आम्ही थांबलो."

आमची औषधे निरुपद्रवी होती, असे म्हणून सुटका होत नाही. भाषा आत्मसात करण्याच्या ऐन काळातील दहा महिने त्या बालकाने गमावले, आणि ते आमच्या शब्दावर गमावले. नवजात बालकांच्या श्रवणतपासणीचा आजचा दंडक असा आहे की, एक महिन्याच्या आत चाळणी, तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपाययोजना व्हावी. आमच्याकडे ते मूल आले तेव्हाच दोन वर्षांचा उशीर झालेला होता. आम्ही त्यात भर घातली.

ग्रंथांतील वय

कौमारभृत्य हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक स्वतंत्र अंग आहे. बालक म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, ही जाणीव आपल्या शास्त्राच्या रचनेतच आहे. सुश्रुताचार्यांनी सोळा वर्षांखालील वयास बाल्य म्हटले आणि त्याचे क्षीरप, क्षीरान्नाद व अन्नाद असे तीन भाग केले : एक वर्षापर्यंत पहिला, दोन वर्षांपर्यंत दुसरा, त्यापुढे तिसरा. हा विभाग आहारावर आधारलेला आहे. चरकाचार्यांनी विमानस्थानात निराळी दृष्टी स्वीकारली. सोळा वर्षांपर्यंत धातू अपरिपक्व असतात, शरीर सुकुमार व क्लेश सहन न करणारे असते. आणि त्यापुढे तीस वर्षांपर्यंत धातू वाढत असले तरी सत्त्व म्हणजे मन बहुधा स्थिरावलेले नसते, असे ते सांगतात. तीस वर्षांच्या माणसाचाही या विशाल अर्थाने बालात समावेश करणारे हे विवेचन किशोरवयीनांवर उपचार करणाऱ्या प्रत्येकाने पुन्हा वाचावे असे आहे.

कश्यपसंहितेचे स्थान यात वेगळेच आहे. नेपाळमधील पंडित हेमराज शर्मा यांच्या संग्रहातील खंडित हस्तलिखितावरून ही संहिता १९३८ साली मुंबईत छापली गेली आणि लुप्त मानला गेलेला ग्रंथ अंशतः हाती आला. तिच्यातील वेदनाध्यायाचे महत्त्व आम्हांस फार उशिरा उमगले. ज्या बालकास बोलता येत नाही त्याच्या हालचालींवरून व्याधी कसा ओळखावा, हा त्या अध्यायाचा विषय आहे. कान दुखणारे मूल हातांनी कानास स्पर्श करते, डोके फिरविते, त्यास झोप येत नाही, अशी एकेका व्याधीची लक्षणे तेथे नोंदविलेली आहेत. मुलाचे वर्तन हीच त्याची भाषा, हे तत्त्व यामागे आहे. आम्ही हा अध्याय परीक्षेसाठी पाठ केला होता आणि तरीही समोरच्या मुलाचे वर्तन वाचले नाही.

निष्क्रमण, उपवेशन, फलप्राशन, अन्नप्राशन या संस्कारांकडेही या दृष्टीने पाहता येईल. मूल बाहेरचा प्रकाश सहन करते काय, बसते काय, घन अन्न गिळते काय, हे ठरावीक काळी घरातील वडीलधाऱ्यांच्या व वैद्याच्या नजरेखालून जावे अशी योजना त्यात दिसते. आज संस्कारांचे समारंभ उरले आणि पाहणी गळून पडली.

पहिली दोन वर्षे : वाट किती पाहावी ?

एक वर्षाचे होऊनही जे मूल पायांनी चालत नाही त्यास कश्यपसंहितेत फक्क म्हटले आहे. क्षीरज, गर्भज आणि व्याधिज असे त्याचे तीन प्रकार सांगून चिकित्सेत तीन चाकांच्या फक्करथाचा उल्लेख केला आहे. आपल्याकडचा लाकडी पांगुळगाडा पाहिला की त्याची आठवण होते. मूल स्वतःच्या पायांवर उभे राहून तो ढकलते. आतमध्ये बसवून सोडावयाच्या चाकांच्या गोल वॉकरशी त्याची बरोबरी करू नये. त्या वॉकरमुळे होणाऱ्या अपघातांमुळे कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली. औषधांच्या दुकानात तो टांगलेला असेल तर हा भेद ग्राहकास अवश्य सांगावा.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली पाच देशांतील निरोगी मुलांच्या पाहणीवरून चलनविकासाचे कालावधी प्रसिद्ध केले. त्या पाच देशांत भारतही होता. आधाराविना बसणे ३.८ ते ९.२ महिने, आधाराविना उभे राहणे ६.९ ते १६.९ महिने आणि आधाराविना चालणे ८.२ ते १७.६ महिने, असे ते कालावधी आहेत. कश्यपांची एक वर्षाची मर्यादा आणि ही साडेसतरा महिन्यांची मर्यादा यांत विरोध मानण्याचे कारण नाही. एक वर्षाला मूल चालत नसेल तर वैद्याने लक्ष द्यावयास आरंभ करावा, पोषण, अस्थी आणि स्नायूंचे बल तपासावे. अठरा महिन्यांपुढे मात्र एक दिवसही वाट पाहू नये, असा त्याचा व्यवहारी अर्थ आम्ही घेतो. उलट बाजूही ध्यानात ठेवावी. याच पाहणीत सुमारे ४ टक्के मुले गुडघ्यांवर रांगलीच नाहीत आणि तरीही वेळेवर चालू लागली. तेव्हा "रांगला नाही" एवढ्यावरून घाबरलेल्या आजीस धीर देणे हेही शास्त्रशुद्ध आहे.

चालण्याकडे सर्वांचे लक्ष असते. ऐकणे, पाहणे आणि प्रतिसाद देणे याकडे नसते. म्हणून पुढील खुणा प्रत्येक चिकित्सालयात भिंतीवर लावाव्यात, अशी आमची विनंती आहे. यांपैकी एकही आढळल्यास औषधयोजना करावी किंवा न करावी, परंतु तज्ज्ञांकडे पाठविणे टाळू नये.

* तीन महिन्यांपर्यंत माणसाचा चेहरा पाहून न हसणे.
* चार महिन्यांपर्यंत मान न सावरणे.
* बारा महिन्यांपर्यंत बडबड न करणे, हाक मारल्यास न वळणे, बोटाने न दाखविणे.
* सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द न बोलणे.
* अठरा महिन्यांपर्यंत न चालणे.
* चोवीस महिन्यांपर्यंत स्वतःहून दोन शब्द न जोडणे.
* कोणत्याही वयात आलेले कौशल्य नाहीसे होणे. ही सर्वांत गंभीर खूण होय.

तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्राने तयार केलेला सतरा कौशल्यांचा तक्ता यासाठी अत्यंत सोयीचा आहे. तो जन्मापासून दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. मुलाच्या वयाच्या रेषेवर पेन्सिल उभी धरावयाची. तिच्या डावीकडे संपणारे प्रत्येक कौशल्य मुलास आलेले असले पाहिजे. एवढ्यास पाच-सात मिनिटे पुरतात. नाडी पाहण्यास आपण याहून अधिक वेळ देतो.

याच वयातील दुसरी गोष्ट म्हणजे जिव्हाळ्याचा बंध. इंग्रज मनोवैद्य जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात मातृवियोगाचे बालमनावरील परिणाम मांडले. त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली रुग्णालयात एकट्या ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीचे चित्रीकरण केले. मूल रडावयाचे थांबले म्हणजे रुळले असे परिचारिकांना वाटे. प्रत्यक्षात ते हताश झालेले असते, हे त्या चित्रपटाने दाखविले. १९५९ साली ब्रिटनमधील सरकारी समितीने मुलांच्या वॉर्डात आईवडिलांस मुक्त प्रवेश असावा अशी शिफारस केली. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात बालकास सुखाने उचलावे, दरडावू नये, झोपेतून एकाएकी उठवू नये, असे सांगितलेले आहे. चरकाचार्य तर मूल रडते वा जेवत नाही म्हणून राक्षस-पिशाचांची भीती घालू नये, असे स्पष्ट बजावतात. आता आपल्या चिकित्सालयात काय चालते ते पाहावे. "गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील", हे वाक्य आपल्यासमोर उच्चारले जाते आणि आपण ते ऐकून घेतो. बस्ती, अभ्यंग वा नस्य देताना लहान मूल आईच्या मांडीवरच असावे. आईस बाहेर बसविण्याची पद्धत सोडावी.

दोन ते सात वर्षे : काढ्याचा पेला

स्वित्झर्लंडचे ज्याँ पियाजे (१८९६-१९८०) यांनी बालबुद्धीच्या वाढीचे चार टप्पे मांडले. दोन वर्षांपर्यंत मूल इंद्रियांनी व हालचालींनी विचार करते. दोन ते सात या काळात ते शब्द व प्रतीके वापरू लागते, परंतु तर्काचे नियम त्यास लागू पडत नाहीत. सात ते अकरा या काळात डोळ्यांसमोरील वस्तूंविषयी तर्क करता येतो. त्यापुढे कल्पनेतील गोष्टींविषयीही विचार करता येतो.

त्यांचा पेल्यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी मुलास दाखवावयाचे; मग एका पेल्यातील पाणी त्याच्यासमोरच उंच व अरुंद पेल्यात ओतावयाचे. चार-पाच वर्षांचे मूल उंच पेल्यात पाणी जास्त आहे असे सांगते. आम्ही या प्रयोगाचा उपयोग काढा पाजताना करून पाहिला. तोच काढा उंच पेल्यातून न देता पसरट वाटीतून द्यावा. मुलास तो थोडा वाटतो आणि निम्मे रडणे वाचते. यात मुलास फसविण्याचा भाग नाही. त्याच्या डोळ्यांनी पाहण्याचा भाग आहे.

याच वयातील मुलास आजार ही शिक्षा वाटू शकते. चोरून गोळी खाल्ली म्हणून ताप आला, धाकट्या बहिणीस मारले म्हणून पोट दुखले, असा संबंध ते मनातल्या मनात जोडते. चुकीचे फळ आपोआप मिळते या बालसुलभ समजुतीचे विवेचन पियाजे यांनी १९३२ साली केले. आपण पथ्यापथ्य सांगताना अजाणता ही समजूत पक्की करतो. "आइस्क्रीम खाल्लेस ना ? मग खोकला होणारच", हे आपल्या दृष्टीने निदान असते, पाच वर्षांच्या मुलाच्या कानी ते न्यायाधीशाचे शब्द असतात. त्यास प्रथम सांगावे, "तुझी काही चूक नाही." पथ्य आईवडिलांना निराळे सांगावे.

खेळण्यांविषयी चरकसंहितेतील सूचना येथे आठवाव्यात. ती विविध, आवाज करणारी, मनोहर व हलकी असावीत. टोकदार नसावीत, तोंडात शिरणारी नसावीत, भीतिदायक नसावीत. अशी चार खेळणी आपल्या प्रतीक्षागृहात एका टोपलीत ठेवली, तर मूल खेळत असताना आपली अर्धी परीक्षा होऊन जाते. ते हाकेला वळते काय, आईला काही दाखविते काय, दोन्ही हात सारखे वापरते काय, हे त्या वेळी जितके स्वच्छ दिसते तितके तपासणीच्या मेजावर दिसत नाही.

शाळेचे वय : लाज आणि कर्तृत्व

एरिक एरिक्सन (१९०२-१९९४) यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जीवनाच्या आठ अवस्था कल्पिल्या आणि प्रत्येक अवस्थेत मनापुढे एक पेच असतो असे सांगितले. पहिल्या वर्षी विश्वास की अविश्वास, पुढे स्वायत्तता की लाज, मग पुढाकार की अपराधभाव, सहा ते बारा या वयात कर्तृत्व की न्यूनगंड आणि किशोरवयात स्वत्व की संभ्रम. हेच एरिक्सन पुढे अहमदाबादच्या गिरणी कामगारांच्या लढ्यानिमित्त महात्मा गांधींचा अभ्यास करण्यासाठी भारतात आले; त्या अभ्यासावरील त्यांचा ग्रंथ १९६९ साली निघाला.

सहा ते बारा या वयात मुलास आपण काही करू शकतो ही भावना हवी असते. शय्यामूत्राची तक्रार घेऊन आठ वर्षांचा मुलगा येतो तेव्हा त्याची आई सर्वांसमोर, कित्येकदा धाकट्या भावंडासमोर, सारा वृत्तान्त सांगते. मुलगा जमिनीकडे पाहत असतो. व्याधी मूत्रवहस्रोतसाचा असला तरी त्या क्षणी घाव दुसरीकडेच बसत असतो. अशा वेळी आम्ही आईस थांबवितो, मुलास जवळ बसवितो आणि त्याच्याशीच बोलतो. कोरड्या रात्रींची नोंद कॅलेंडरवर त्यानेच करावयाची, औषधाची वेळ त्यानेच लक्षात ठेवावयाची, असे काम त्यास देतो. ओल्या रात्रीबद्दल शिक्षा नाही, हे आईवडिलांना निक्षून सांगतो.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की अवघ्या सदतिसाव्या वर्षी, १९३४ साली वारले. मूल आज दुसऱ्याच्या मदतीने जे करू शकते ते उद्या एकट्याने करील आणि खरे शिक्षण त्या मधल्या पट्ट्यातच घडते, हा त्यांचा विचार चिकित्सेस अतिशय उपयुक्त आहे. तमकश्वासाच्या दहा वर्षांच्या मुलीस धुळीपासून जपणे, वेग येण्याची पूर्वरूपे ओळखणे, प्राणायाम करणे हे सारे एका दिवसात एकटीने जमणार नाही. परंतु आईने प्रथम बरोबर करावे, मग नुसते पाहावे, मग नुसते विचारावे, या क्रमाने ते जमते.

या वयातील आणखी एक मोठा प्रश्न म्हणजे "अभ्यासात लक्ष नाही". परीक्षा जवळ आल्या की पालक स्मरणशक्तीचे औषध मागतात. मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी ही चरकोक्त मेध्य रसायने आपले वैभव आहेत. त्यांची थोरवी आम्ही उणी लेखत नाही. परंतु दृष्टिदोष, श्रवणदोष, पांडु, अपुरी निद्रा, घरातील कलह आणि अध्ययन-अक्षमता या सर्वांचे बाह्यरूप एकच असते : लक्ष नाही. बोलण्यात हुशार असलेले मूल वाचताना अक्षरांची उलटापालट करीत असेल, तर त्यास रसायनापूर्वी चाचणीची आवश्यकता आहे. महाराष्ट्रात अध्ययन-अक्षमतेचे अधिकृत प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्यांना दहावी-बारावीच्या परीक्षांत सवलती मिळतात. ही माहिती वेळेवर देणे हाही उपचारच आहे.

किशोरवय : मन न स्थिरावलेले

चौदा-पंधरा वर्षांची मुले आपल्याकडे मुखदूषिका, केस गळणे, उंची, वजन, अनियमित ऋतुस्राव अशा तक्रारी घेऊन येतात. वैद्यास त्या किरकोळ वाटतात. परंतु स्वत्वाचा शोध चालू असलेल्या मनास आरशातील चेहरा किरकोळ नसतो. चरकाचार्यांचे सत्त्व न स्थिरावण्याविषयीचे निरीक्षण येथे मोलाचे ठरते. मेंदूचा नियोजन व संयम सांभाळणारा पुढील भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो, असे आधुनिक संशोधनही सांगते. प्राचीन आचार्यांस मेंदूची चित्रे ठाऊक होती असा दावा करण्याचे कारण नाही. त्यांनी माणसे काळजीपूर्वक पाहिली होती, एवढे पुरेसे आहे.

या वयाच्या रुग्णासाठी आम्ही तीन नियम पाळतो. पहिला, मुलाशी वा मुलीशी थोडा वेळ पालकांवाचून बोलावयाचे. शारीरिक तपासणीच्या वेळी मात्र, विशेषतः मुलींच्या, विश्वासातील स्त्री उपस्थित असावयाची. दुसरा, जे ऐकू ते चव्हाट्यावर मांडावयाचे नाही. परंतु जिवास धोका वा अत्याचार असेल तर गुप्तता पाळता येणार नाही, हे आरंभीच सांगावयाचे. अठरा वर्षांखालील मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांस कळविणे २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार बंधनकारक आहे, याचे विस्मरण होऊ नये. तिसरा नियम, उपदेश शेवटी. झोप, जेवण, मित्र आणि मन यांविषयी विचारल्याखेरीज पथ्याची यादी हाती द्यावयाची नाही. "जगावेसे वाटत नाही" असे कोणी म्हटले, तर ते लक्ष वेधण्यासाठी आहे असे मानू नये. त्याच दिवशी पालकांना सावध करून मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे.

सिद्धांतांची मर्यादा

हे सिद्धांत आंधळेपणाने स्वीकारावेत असे आमचे म्हणणे नाही. पियाजे यांची आरंभीची निरीक्षणे स्वतःच्या तीन मुलांवर आधारलेली होती. टप्प्यांची वये प्रत्येक मुलास तंतोतंत लागू पडत नाहीत, हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिले. जिव्हाळ्याच्या बंधाचा विचार आईभोवती केंद्रित होता. आपल्याकडे आजी, काकू, आत्या यांच्या मांडीवरही मूल वाढते. भारतीय कुटुंबातील बालपणाचा असा विचार सुधीर कक्कर यांनी १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केला.

परकी विचारसरणी आपल्या मातीत कशी रुजवावी याचा उत्तम धडा महाराष्ट्रातच आहे. ताराबाई मोडक यांनी मॉन्टेसरी पद्धतीचा अभ्यास केला, परंतु १९४५ साली बोर्डी येथे काम सुरू केल्यावर महागड्या साधनांऐवजी बिया, शंख-शिंपले, दगड, पाने ही साधने वापरली. मुले बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडीच आदिवासी पाड्यांवरील अंगणात नेली. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. १९५७ पासून आजच्या पालघर जिल्ह्यातील कोसबाडच्या टेकडीवर हे काम वाढले. मूळ सिद्धांत त्यांनी टाकला नाही आणि त्याचे दास्यही पत्करले नाही. आपणही तसेच करावे.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

बालकाची तक्रार पुष्कळदा वैद्याआधी दुकानाच्या फळीवर येते. "पोरगं बोलत नाही, काहीतरी चांगलं चाटण द्या", अशी मागणी होते. त्या क्षणी विक्रेत्याच्या हाती फार मोठी संधी असते. बाटली देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : वय किती महिने ? हाक मारल्यावर वळतो का ? पूर्वी येत असलेले काही बंद झाले आहे का ? उत्तर शंकास्पद असेल तर प्रथम तपासणी करून घेण्यास सांगावे. एका बाटलीची विक्री कदाचित बुडेल. त्या घराचा विश्वास मात्र कायमचा मिळेल.

उंची वाढविण्याच्या चूर्णांविषयीही सावध राहावे. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याच्या अनुसूचीत माणसाच्या उंचीचा उल्लेख आहे. त्याविषयीच्या उपचाराची जाहिरात करणे हा गुन्हा ठरतो. दुकानात असे फलक असल्यास काढून टाकावेत. सुवर्णप्राशनाच्या शिबिरांनाही हीच दृष्टी लावावी. कश्यपसंहितेच्या लेहाध्यायात सुवर्णप्राशनाचे फल सांगितले आहे, तसेच लेहन कोणास देऊ नये याचीही यादी तेथेच दिलेली आहे. फलश्रुती फलकावर झळकते; यादी कोणी वाचीत नाही. पुष्य नक्षत्रास येणाऱ्या प्रत्येक मुलाची विकासाची पाहणी त्याच रांगेत झाली, तर त्या शिबिराइतके उपकारक दुसरे काही नाही.

पाठवावयाचे कोठे, हा प्रश्न आता पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. जन्मजात दोष, कमतरता, आजार व विकासातील विलंब यांचा त्यात समावेश आहे. जिल्हा स्तरावर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. विशेष म्हणजे अंगणवाड्यांत व शाळांत जाणाऱ्या तपासणी पथकांत आयुष वैद्यकीय अधिकाऱ्यांचीच नेमणूक होते. आपलेच सहाध्यायी हे काम करीत आहेत. त्यांचा दूरध्वनी क्रमांक आपल्या मेजावर असावा.

समारोप

बालविकासाचे सिद्धांत जाणून घेतल्याने आपण आयुर्वेदापासून दूर जातो, अशी शंका काही ज्येष्ठ वैद्य व्यक्त करतात. आमचा अनुभव याच्या उलट आहे. पियाजे व एरिक्सन वाचल्यानंतर आम्ही वेदनाध्याय पुन्हा उघडला आणि प्रथमच तो समजून घेतला. वय ही परीक्षेची बाब आहे. ते विचारून थांबावयाचे नसते, तपासावयाचे असते.

आमच्या मेजाच्या खणात आता एक लहान घंटा असते. बोलावयास उशीर करणारे मूल आले की ते खेळात रमलेले असताना त्याच्या पाठीमागे आम्ही ती हळूच वाजवितो. ते वळले म्हणजे कान निर्दोष आहेत असे सिद्ध होत नाही. श्रवणतपासणीची चिठ्ठी आम्ही तरीही लिहून देतो. परंतु ते वळले नाही, तर त्या दिवशी आम्ही कोणासही थांबा म्हणून सांगत नाही.